ड्रॉपडाउनची निवड बदलली, पण कोणी बदलली?

निळीशाई

नमस्कार मंडळी,

बिलं करायचा एक डेस्कटॉप प्रोग्रॅम मी चार वर्षं सांभाळते आहे. सी शार्प भाषा आणि विनफॉर्म्स, म्हणजे विंडोजच्या खिडक्या बनवायची मायक्रोसॉफ्टची टूलकिट (तयार घटकांचा संच). बिलाच्या फॉर्मवर ‘वस्तू’ असा कॉम्बोबॉक्स, म्हणजे ड्रॉपडाउन यादी, आहे. वस्तू निवडली की सिलेक्टेडइंडेक्सचेंज्ड या इव्हेंटच्या (निवड बदलल्याच्या सूचनेच्या) हँडलरमध्ये, म्हणजे त्या वेळी चालणाऱ्या फंक्शनमध्ये, त्या वस्तूचा आजचा दर डेटाबेसमधून येतो आणि शेजारच्या टेक्स्टबॉक्समध्ये बसतो. नवीन बिल करताना हे उत्तम चालतं.

घोळ जुन्या बिलात झाला. कोणीतरी सात महिन्यांपूर्वीचं बिल फक्त पत्ता दुरुस्त करायला उघडलं आणि सेव्ह केलं. दराला हातही लावला नव्हता, तरी जुना दर जाऊन आजचा दर बसला. शोधल्यावर कळलं की असं बऱ्याच बिलांत झालंय. माझ्या हातून लोकांच्या हिशेबात फरक पडला याचं फार वाईट वाटतंय, म्हणून हा धागा.

डीबगर (चालता कोड थांबवून तपासायचं साधन) लावून पाहिलं. फॉर्म उघडताना मी रेकॉर्डमधला दर टेक्स्टबॉक्समध्ये भरते आणि मग कॉम्बोबॉक्सचं सिलेक्टेडव्हॅल्यू (निवडलेल्या वस्तूचा क्रमांक) सेट करते. तिथे हँडलर चालतो. शिवाय त्याच्याही आधी, यादी भरतानाच, हँडलरमधला ब्रेकपॉइंट (कोड थांबवायची खूण) दोनदा लागतो! त्यातल्या एका वेळी सिलेक्टेडव्हॅल्यूमध्ये आकड्याऐवजी अख्खी डेटारोव्ह्यू असते. पूर्वी तिथे एरर यायची म्हणून मी ट्राय-कॅच (एरर पकडून दाबणारा कोड) घातला होता.

सध्या क्रम उलटा केलाय: आधी वस्तू, मग दर. चालतंय. पण हे बरोबर उत्तर आहे का?

---

पारवा

क्रम उलटा करून आजची आग विझेल, पण उद्या कोणीतरी लोडच्या फंक्शनमध्ये दोन ओळी वरखाली केल्या की तोच घोळ परत. त्या ओळींचा क्रम इतका महत्त्वाचा आहे हे कोड वाचणाऱ्याला कुठूनच कळत नाही.

मूळ गोष्ट अशी की सिलेक्टेडइंडेक्सचेंज्ड हा इव्हेंट ‘निवड बदलली’ एवढंच सांगतो. माउसने बदलली, कीबोर्डने बदलली की तुमच्या कोडने, त्याला फरक पडत नाही. युजरने बदलल्यावरच येणारा इव्हेंट वेगळा आहे, त्याचं नाव सिलेक्शनचेंजकमिटेड. दर आणण्याचं काम तिथे हलवा.

यादी भरताना दोनदा का येतो तेही सांगतो. तुम्ही बहुतेक आधी डेटासोर्स (यादीची माहिती) देताय आणि मग डिस्प्लेमेंबर, व्हॅल्यूमेंबर (कोणता स्तंभ दाखवायचा आणि कोणता क्रमांक म्हणून घ्यायचा). डेटासोर्स दिल्या क्षणी पहिली ओळ निवडली जाते आणि इव्हेंट येतो. त्या वेळी व्हॅल्यूमेंबर ठाऊक नसल्यामुळे सिलेक्टेडव्हॅल्यू म्हणजे ती अख्खी ओळच, तीच तुमची डेटारोव्ह्यू. नंतर व्हॅल्यूमेंबर दिलं की परत एकदा. आधी दोन्ही मेंबर द्या, शेवटी डेटासोर्स. आणि तो ट्राय-कॅच कृपया काढा. त्या एररने तुम्हाला चार वर्षांपूर्वीच सांगितलं होतं की हँडलर नको त्या वेळी चालतोय.

---

रानवाट

पारवा यांच्याशी सहमत. मी क्यूटी या दुसऱ्या टूलकिटमध्ये काम करतो, तिथेही हीच जोडी आहे. करंटइंडेक्सचेंज्ड कोड आणि युजर दोन्हीकडून येतो, अ‍ॅक्टिव्हेटेड फक्त युजरच्या कृतीने. एक बारीक फरक लक्षात ठेवा: युजरने यादी उघडून आधीचीच ओळ पुन्हा निवडली तरी अ‍ॅक्टिव्हेटेड येतो. काही ठिकाणी ते हवंच असतं, काही ठिकाणी विनाकारण क्वेरी जाते.

रिकाम्या कॉम्बोबॉक्समध्ये पहिली ओळ घातली की इंडेक्स उणे एकवरून शून्यावर येतो आणि तिथेही करंटइंडेक्सचेंज्ड येतो. नवीन माणसं इथे हमखास अडखळतात. यादी भरेपर्यंत सिग्नल (क्यूटीतले इव्हेंट) अडवणारा क्यूसिग्नलब्लॉकर लावून ठेवायचा, स्कोप (कोडचा तेवढा भाग) संपला की तो आपोआप सुटतो. क्यूटी ५.३ पासून आहे. फक्त एक: सिग्नल अडवला की तो सगळ्यांसाठीच अडतो. त्याच कॉम्बोवर दुसरं एखादं लेबल अवलंबून असेल तर तेही जुनंच राहतं, म्हणून ब्लॉकर सुटल्यावर ते हाताने ताजं करावं लागतं.

---

कोरापाटी

मी पायथॉन आणि त्याची टीके-इंटर ही खिडक्यांची टूलकिट शिकतोय. माझं उलटं झालंय. तिच्यातल्या टीटीके कॉम्बोबॉक्सवर कॉम्बोबॉक्ससिलेक्टेड हा इव्हेंट बांधला आहे. यादीतून निवडलं की चालतं, पण कोडमधून सेट केलं की इव्हेंट येतच नाही आणि खालचं लेबल जुनंच राहतं. माझं काय चुकतंय?

---

पारवा

कोरापाटी, काहीच चुकत नाही. तो इव्हेंट युजरने निवड केली तरच येतो. लेबल ताजं करायचं एक वेगळं फंक्शन करा. हँडलरमधून ते बोलवा आणि कोडमधून सेट केल्यावरही तेच बोलवा.

---

घड्याळजी

या विषयावर मनापासून लिहावंसं वाटलं, कारण याच प्रश्नात माझी बरीच वर्षं गेली आहेत.

विंडोजच्या मुळाशी, विन३२ या सर्वात खालच्या थरात, नियम स्वच्छ होता. तुम्ही सीबी_सेटकरसेल हा संदेश पाठवून निवड बदलली तर ‘निवड बदलली’ असं कळवणारा सीबीएन_सेलचेंज परत येत नाही. ज्याने बदल केला त्याला तो ठाऊकच आहे, त्याला पुन्हा कशाला कळवायचं, असा तो विचार. वरच्या थरांनी हा विचार बदलला. विनफॉर्म्समध्ये सिलेक्टेडइंडेक्स सेट केलं की ती प्रॉपर्टी स्वतःच इव्हेंट उठवते. यात चूक नाही, विचार वेगळा आहे: कोणीही बदलो, पडद्यावरचे अवलंबून असलेले भाग जुळलेले राहिले पाहिजेत. म्हणूनच टूलकिट बदलली की सवयी दगा देतात. डब्ल्यूएक्सविजेट्समध्ये सेटसिलेक्शनने इव्हेंट येत नाही, जावाच्या स्विंगमध्ये सेटसिलेक्टेडआयटमने येतो. नावावरून अंदाज बांधू नका, डीबगर लावून प्रत्यक्ष बघा.

दुसरी गोष्ट, जिच्यावर फारसं कोणी बोलत नाही. निवड ‘बदलणं’ आणि ‘पक्की होणं’ यांत अंतर आहे. यादी उघडी असताना बाणाची कळ दाबत खाली गेलं की प्रत्येक ओळीला सीबीएन_सेलचेंज येतो. माणूस अजून शोधतोय, त्याचं ठरलेलं नाही. एंटर दाबला की सीबीएन_सेलएंडओके. एस्केप दाबला तर सीबीएन_सेलएंडकॅन्सल, म्हणजे आधीची हालचाल धरू नका. पहिल्याच संदेशावर क्वेरी मारणारा प्रोग्रॅम माणसाचं बोलणं पूर्ण व्हायच्या आत उत्तर द्यायला लागतो.

आणि हँडलरमध्ये कॉम्बोबॉक्सचं टेक्स्ट वाचू नका. लिहिता येणाऱ्या कॉम्बोमध्ये सेलचेंजच्या क्षणी वरच्या चौकटीत अजून जुनाच मजकूर असतो. विनफॉर्म्सच्या सिलेक्शनचेंजकमिटेडमध्ये आणि डब्ल्यूपीएफ या मायक्रोसॉफ्टच्याच दुसऱ्या टूलकिटच्या सिलेक्शनचेंज्डमध्येही तेच. ‘एक पाऊल मागे चालतंय’ अशी तक्रार आली की मी सर्वात आधी तिथेच बघतो. इंडेक्स किंवा आयटम वाचा.

---

निळीशाई

किती शांतपणे समजावलंत सगळ्यांनी, खूप आभार.

डेटासोर्सचा क्रम बदलला, ट्राय-कॅच काढला, दर आणण्याचं काम सिलेक्शनचेंजकमिटेडमध्ये नेलं. जुनी बिलं उघडून बघितली, दर जागेवर राहतात. पण आज सकाळी नवीनच तक्रार. आमच्याकडे एकजण माउसला हातच लावत नाहीत. वस्तूच्या नावाची तीन-चार अक्षरं टाइप करतात, ऑटोकम्प्लीट पुढचं भरतं, टॅब दाबून पुढे जातात. त्यांच्याकडे दर येतच नाही. कॉम्बोचा प्रकार ‘ड्रॉपडाउन’ आहे, म्हणजे लिहिता येणारा.

---

पारवा

हो, हे मी पहिल्याच प्रतिसादात सांगायला हवं होतं. कॉम्बो कसा मांडलाय आणि युजर निवड कशी बदलतो यावर सिलेक्शनचेंजकमिटेड येईल की नाही ते अवलंबून आहे, असं मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजातच लिहिलंय. टाइप करून टॅब हा त्यातलाच प्रकार.

माझी पद्धत अशी. ‘वस्तू पक्की झाली’ असं एक फंक्शन लिहायचं. ते सिलेक्शनचेंजकमिटेडमधूनही बोलवायचं आणि कॉम्बो सोडून पुढे गेल्यावर येणाऱ्या व्हॅलिडेटेडमधूनही. फंक्शनच्या पहिल्या ओळीत आत्ताचा वस्तू क्रमांक मागच्या वेळी पक्का झालेल्या क्रमांकाशी ताडायचा. तोच असेल तर परत फिरायचं. रेकॉर्ड उघडताना त्यातल्या वस्तूचा क्रमांक ‘मागचा’ म्हणून नोंदवायचा. मग दोन्ही इव्हेंट आले तरी दर एकदाच येतो, आणि नुसतं टॅब मारत फॉर्मभर फिरलं तर काहीच होत नाही.

---

सांजवात

पारवा यांचं शेवटचं वाक्य या धाग्यातलं मला सर्वात पटलेलं. मी तर म्हणेन की इव्हेंट कोणता हा प्रश्नच दुय्यम आहे. दर कधी बदलायचा हा बिलाचा नियम आहे, कॉम्बोबॉक्सचा नाही. बिलाच्या ओळीचा स्वतंत्र क्लास करा. त्यात वस्तू आणि दर दोन्ही ठेवा. ‘वस्तू बदल’ ही त्याची मेथड, आणि क्रमांक खरंच वेगळा असेल तरच ती नवा दर मागेल. मग पडदा तिला चुकून दहा वेळा बोलवू दे, जुनं बिल सुरक्षित राहील. याची चाचणीही खिडकी न उघडता लिहिता येते.

असं केलं की एक खरा प्रश्न वर येतो, जो इव्हेंटच्या गोंधळात लपून बसलेला असतो. जुन्या बिलात युजरने चुकून दुसरी वस्तू निवडली आणि लगेच मूळ वस्तूवर परत आला. आता दर कोणता? त्या वेळचा की आजचा? ‘मागच्या क्रमांकाशी ताडा’ या पद्धतीत दोनदा बदल झाला, म्हणजे आजचा दर बसणार, आणि निळीशाईंचा मूळ घोळ एका अरुंद वाटेने परत आत येणार. मी सेव्ह झालेली मूळ जोडी वेगळी जपते. वस्तू मूळच्याच वस्तूवर आली तर मूळ दर परत देते. पण हे बिलं करणाऱ्यांना विचारून ठरवा, आपल्या मनाने नको.

डब्ल्यूपीएफवाल्यांसाठी दोन गोष्टी. आयटम्ससोर्सला (यादीच्या स्रोताला) नवीन यादी दिली आणि आधी निवडलेला ऑब्जेक्ट तिच्यात नसेल, तर सिलेक्टेडआयटम नल (रिकामा) होतो. दुतर्फा बाइंडिंग (पडदा आणि माहिती एकमेकांना जुळवणारी जोडणी) असेल तर तो नल तुमच्या व्ह्यूमॉडेलमध्ये, म्हणजे पडद्यामागच्या माहितीत, लिहिला जातो. युजरने काहीच न करता निवड पुसली जाते. यादी ताजी करायच्या आधी क्रमांक बाजूला ठेवा, यादी भरल्यावर त्याच क्रमांकाचा नवा ऑब्जेक्ट निवडा. दुसरं, सिलेक्शनचेंज्ड तिथे आतल्या घटकाकडून बाहेरच्या घटकांकडे वर चढत जातो. टॅबकंट्रोलच्या आतल्या कॉम्बोची निवड बदलली की टॅबकंट्रोलचा हँडलरही चालतो, कारण इव्हेंट एकच. टॅब बदलला असं समजून अख्खं पान परत लोड करणारे प्रोग्रॅम मी पाहिलेत. मूळ इव्हेंट कुठून आला ते ओरिजिनलसोर्सवरून तपासा.

---

ओलीवाळू

स्विंगवर काम करणाऱ्यांनी वाचनखूण करून ठेवावी म्हणून थोडक्यात. आयटमलिसनर (तिथला निवडीचा हँडलर) प्रत्येक बदलाला दोनदा चालतो, एकदा जुनी ओळ सुटल्याचा आणि एकदा नवी निवडल्याचा. स्टेट तपासली नाही तर सगळं दुप्पट होतं. यातून आमच्याकडे साठ्याची नोंद दोनदा पडत होती. अ‍ॅक्शनलिसनर एकदाच येतो, पण कोडमधून सेट केल्यावरही येतो, म्हणजे मूळ प्रश्न तिथेही तसाच.

---

शब्दवेध

मी प्रोग्रॅमर नाही. मला दिसत नाही, स्क्रीन रीडरवर काम करतो. धागा ऐकत होतो, घड्याळजींच्या ‘बोलणं पूर्ण व्हायच्या आत’ या वाक्यावर थांबलो.

विंडोजवर बंद ड्रॉपडाउनवर बाणाची कळ दाबली की निवड तिथल्या तिथे बदलते. माझ्यासाठी ते वाचन असतं. यादीत काय काय आहे हे मी एकेक ओळ खाली जाऊन ऐकतो, तुम्ही जसे नजर फिरवता तसं. पण काही प्रोग्रॅममध्ये पहिल्याच ओळीला नवीन खिडकी उघडते किंवा फोकस (कीबोर्ड ज्या जागी चालतो ती जागा) दुसरीकडे फेकला जातो. मग परत यायचं, परत एक ओळ, परत फेकला. सातव्या ओळीपर्यंत पोचायला सात वेळा. एका प्रोग्रॅममध्ये मी अहवालाचा प्रकार निवडूच शकलो नाही, शेवटी शेजारच्या सहकाऱ्याला हाक मारावी लागली. माझं काम मला स्वतःला करता येत असताना असं करावं लागणं फार लागतं मनाला.

ऑल्ट आणि खालचा बाण किंवा एफ४ दाबून यादी आधी उघडली तर बऱ्याच ठिकाणी सुटका होते, पण घड्याळजी म्हणतात तसं उघड्या यादीतही हँडलर चालत असेल तर तीही वाट बंद. विनंती इतकीच: निवडीने काही मोठं घडणार असेल तर शेजारी ‘दाखवा’ असं बटण द्या.

---

घड्याळजी

शब्दवेध, लिहिलंत हे फार बरं केलंत. हे प्रोग्रॅमरने सांगणं आणि तुम्ही सांगणं यांत फरक आहे.

वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये याच गोष्टीचा निकष आहे, ३.२.२. किमान पातळीतला, म्हणजे ‘ए’ पातळीचा. आधी सूचना दिलेली नसेल तर एखाद्या घटकातली निवड बदलल्याने संदर्भ (खिडकी, फोकस वगैरे) आपोआप बदलता कामा नये. डेस्कटॉपलाही तो तितकाच लागू करावा असं माझं ठाम मत आहे. शेजारच्या चौकटीत दर भरणं चालेल. खिडकी उघडणं, फोकस हलवणं, सेव्ह करणं नाही. स्विंगमध्ये यासाठी एक जुनी सोय आहे: ‘जेकॉम्बोबॉक्स.इजटेबलसेलएडिटर’ ही क्लायंट प्रॉपर्टी खरी केली की बाणाने फक्त ठळक ओळ सरकते, एंटरशिवाय निवड होत नाही.

---

रानवाट

याच ओघात माउसच्या चाकाबद्दल. लांबलचक फॉर्म खाली सरकवताना कर्सर कॉम्बोवर आला की फॉर्म थांबतो आणि निवड फिरते. युजरला पत्ताही लागत नाही. अ‍ॅक्टिव्हेटेड वापरून हा प्रश्न सुटत नाही, कारण तांत्रिकदृष्ट्या ती युजरचीच कृती. क्यूटीमध्ये कॉम्बोचं फोकस पॉलिसी मुळात व्हीलफोकस असतं. ते स्ट्राँगफोकस करा आणि फोकस नसताना चाकाचा इव्हेंट इग्नोर करा, म्हणजे तो वरच्या स्क्रोलएरियाकडे जातो. विनफॉर्म्समध्ये फोकस असलेल्या कॉम्बोवर हे होतं. तिथे माउसव्हीलच्या हँडलरमध्ये आर्ग्युमेंट हँडल्डमाउसइव्हेंटआर्ग्ज मध्ये कास्ट करून हँडल्ड खरं करता येतं.

निळीशाई, तुमच्या बिघडलेल्या बिलांतली काही या चाकाने बिघडलेली असू शकतात. तिथे दरच नाही तर वस्तूही बदललेली असेल. तेवढं तपासा.

---

कोरापाटी

अजून एक विचारतो. देश निवडला की राज्यांची यादी सर्व्हरवरून येते. पटापट दोन देश बदलले की कधी कधी पहिल्या देशाची राज्यं दुसऱ्या देशाखाली दिसतात. नेहमी नाही, कधीतरीच.

---

सांजवात

पहिली विनंती उशिरा परत येते आणि दुसरीच्या उत्तरावर बसते. प्रत्येक विनंतीला वाढता क्रमांक द्या. उत्तर आलं की त्याचा क्रमांक सर्वात शेवटच्या विनंतीचा आहे का बघा, नसेल तर टाकून द्या. जुनी विनंती रद्द करता आली तर उत्तमच, पण रद्द करूनही ही तपासणी ठेवा. देश बदलल्या क्षणी राज्यांची यादी रिकामी करून बंद करा, नाहीतर मधल्या वेळात युजर जुनं राज्य निवडून मोकळा होतो. बाणाने देश बदलणाऱ्यांसाठी विनंती पाठवण्याआधी साधारण ३०० मिलिसेकंद थांबा. तेवढ्यात निवड पुन्हा हलली तर आधीचा टायमर मोडा.

---

निळीशाई

रानवाट, तपासलं. छापलेल्या पीडीएफशी ताडताना तीन बिलांत वस्तूच वेगळी निघाली. एरवी माझ्या लक्षातही आलं नसतं. पीडीएफवरून सगळी बिलं दुरुस्त करते आहे, निम्मी झाली. चाक बंद केलं. बिलाच्या ओळीचा क्लास वेगळा काढला. परत मूळ वस्तूवर आल्यावर मूळ दरच हवा, असं बिलं करणाऱ्या दोघींनी लगेच सांगितलं. ‘अहवाल’ ड्रॉपडाउनवरची आपोआप उघडणारी खिडकी काढून तिथे बटण दिलं. शब्दवेध, ते तुमच्यामुळे.

एकच अडतंय. बाकीच्या काही फॉर्मवर मी अजून ‘भरणं चालू आहे’ असा एक बूलियन (फक्त खरं किंवा खोटं असणारा चल) वापरते, तो खरा असेल तर हँडलर परत फिरतो. एका फॉर्मवर तो मधेच खोटा होतो. दुसऱ्यावर उलटं, फॉर्म उघडल्यावर पहिले दोन-तीन सेकंद कॉम्बो निवडीला दादच देत नाही.

---

पारवा

पहिल्यात बहुतेक एक भरणारं फंक्शन दुसऱ्या भरणाऱ्या फंक्शनला बोलवतं. आतलं संपताना बूलियन खोटा करतं, आणि बाहेरचं उरलेलं काम उघड्यावर पडतं. बूलियनच्या जागी मोजणी ठेवा. आत शिरताना एक वाढवा, बाहेर पडताना एक कमी करा, शून्य असेल तेव्हाच हँडलर चालू द्या. कमी करणं फायनलीमध्येच (एरर आली तरी चालणाऱ्या भागात) हवं, नाहीतर मधे एरर आली की कॉम्बो कायमचा मुका होतो.

दुसऱ्यात, बूलियन खरा असतानाच्या भागात अवेट (उत्तर येईपर्यंत थांबणं) आहे का बघा. अवेटवर थांबलेलं असताना खिडकी जिवंत असते. युजर क्लिक करतो, आणि बूलियन खरा असल्यामुळे त्याची खरी निवड तुम्ही फेकून देता. आधी सर्व्हरवरून माहिती आणा, ती हातात आल्यावर बूलियन खरा करा, एका दमात यादी भरा, खोटा करा. तोवर कॉम्बो बंद ठेवा, म्हणजे थांबायचं आहे हे समोरच्याला दिसेल.

---

निळीशाई

होता. अवेट आतच होता, दोन फॉर्मवर. बाहेर काढला, माहिती येईपर्यंत कॉम्बो बंद ठेवला. टाइप करून टॅब मारणाऱ्यांना समोर बसवून चाळीसेक बिलं करून घेतली, दर प्रत्येक वेळी आला. उरलेली जुनी बिलं या आठवड्यात दुरुस्त होतील.